तीनदा गॅस भरूनही गरम हवा: जुन्या गाडीच्या एसीचं एक प्रकरण

गाडी आणि मालक यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे, क्रम आणि निर्णय जसे होते तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

गाडी २००८ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. नागपूरचीच, पहिल्यापासून एकाच घरात वापरलेली, मीटरवर एक लाख बारा हजार किलोमीटर. मालक निवृत्त. रोजचा वापर त्रिमूर्तीनगर ते सीताबर्डी एवढाच, आणि महिन्या-दोन महिन्यांतून अमरावतीला लेकीकडे एक फेरी. २०२३मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्यांनी फिटनेस करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. म्हणजे गाडी २०२८पर्यंत ठेवायची हे घरात ठरलेलं होतं. पुढे पर्याय निवडताना हा मुद्दा कामी आला, कारण कुठला खर्च किती वर्षं टिकायला हवा हे आधीच माहीत होतं.

गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आली मे २०२४च्या अखेरीस, नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) सुरू असताना. बाहेर ४३-४४ अंश. या दिवसांत नागपुरात एसी बंद पडलेली गाडी घेऊन येणारा माणूस वैतागलेला असतो आणि गॅस भरून द्या म्हणतो. गाडीचे मालक, म्हणजे काकांनीही तेच म्हटलं. सोबत आलेल्या काकू मात्र म्हणाल्या, “गॅस तीनदा भरून झाला. आता दुसरं काही बघा.”

आधी काय झालं होतं

एप्रिल २०२३मध्ये थंडावा कमी वाटला म्हणून घराजवळच्या गॅरेजमध्ये गॅस ‘टॉप-अप’ केला. गाडी लगेच थंड झाली आणि तो उन्हाळा नीट गेला. हा पहिला उपाय खरा होता. पंधरा वर्षांच्या गाडीत रबरी ओ-रिंग आणि गॅस भरायच्या तोंडातल्या पिना थोडाथोडा गॅस सोडतातच. पण तो उपाय लागू पडल्यामुळे घरात एक समीकरण पक्कं झालं: एसी गार करत नाही म्हणजे गॅस संपला.

मार्च २०२४मध्ये पुन्हा तक्रार सुरू झाली, पण तिचं रूप वेगळं होतं. एसी सकाळी चांगला चाले, दुपारी मध्येच गरम हवा देई, संध्याकाळी पुन्हा ठीक. दुसऱ्या एका गॅरेजने जुना गॅस पूर्ण सोडून दिला आणि ‘फ्रेश’ भरला. सोडला तो हवेतच. गाड्यांच्या एसीतला हा आर-१३४ए गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास जड पडतो. म्हणूनच तो मशीनने ओढून घ्यायचा असतो. काकांना आठवत होतं त्यानुसार आतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप लावल्याचं काही दिसलं नाही, अर्ध्या तासात गाडी हातात मिळाली. मेच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा टॉप-अप. त्यानंतर आठवडाभरात तक्रार तशीच, आणि या वेळी निदान बदललं: “कॉम्प्रेसर गेला असन, काका.” नव्या कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा, अंदाज १९,००० रुपये. तो आकडा ऐकून ते आमच्याकडे आले.

तिन्ही वेळच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. एकीवरही किती ग्रॅम गॅस भरला हे लिहिलेलं नव्हतं.

तक्रार नेमकी काय

‘एसी गार करत नाही’ या एका वाक्यात किमान पाच-सहा वेगवेगळे बिघाड मावतात. त्यामुळे बोनेट उघडण्याआधी अर्धा तास आम्ही फक्त प्रश्न विचारले. उपयोगाची उत्तरं बहुतेक काकूंकडून आली. त्या शेजारच्या सीटवर बसतात आणि एसीच्या झरोक्यांकडे त्यांचं लक्ष असतं.

पहिलं उत्तर: गरम हवा येते तेव्हा तिचा जोर कमी होत नाही. यामुळे एक मोठा संशयित बाजूला पडला. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ साचला तर एसी असाच ‘थोडा वेळ चालून’ बसतो, पण तेव्हा वारा रोडावतो, कारण बर्फाने कॉइलच्या फटी बुजतात.

दुसरं उत्तर अमरावतीच्या फेरीचं. नागपूरहून निघाल्यापासून तळेगावपर्यंत एसी अखंड चालला, भर दुपारी. तळेगावला चहाला थांबले, इंजिन बंद, पंधरा मिनिटं. परत निघाले तर गरम हवा. पुढे बराच वेळ तशीच, आणि मग आपोआप थंड. काकांच्या मते यावरून गॅस ‘कधी कमी कधी जास्त’ होत होता. काकू म्हणाल्या, “चालताना जात नाही. थांबून निघालं की जातं.”

तिसरं उत्तर जरा उशिरा मिळालं. बाजारगावजवळ ट्रकला ओलांडताना एकदा एसी असाच गेला होता, न थांबता. वरवर हे काकूंच्या नियमाला छेद देणारं होतं. खरं तर याच उत्तराने चित्र पूर्ण झालं. ते कसं, ते पुढे येईल.

काय काय असू शकत होतं

जुन्या गाडीचा एसी तापल्यावर बंद पडतो आणि गार झाल्यावर सुरू होतो, याची मोजकीच कारणं असतात. कॉइलवरचा बर्फ काकूंच्या पहिल्या उत्तराने बाद झालाच होता. कंडेन्सरचा (गॅस निववणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा मंद असेल तर हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या बाजूचा, दाब वाढत जातो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला सोडतो, पण मग त्रास ट्रॅफिकमध्ये रांगताना व्हायला हवा, चहाच्या थांब्यानंतर नव्हे. रिले किंवा कनेक्टर तापून संपर्क सोडत असेल, हे शक्य होतं. क्लचची कॉइल तापल्यावर आतून तुटत असेल, हेही शक्य. आणि उरलेलं कारण म्हणजे मॅग्नेट क्लचची फट वाढलेली असणं.

हा क्लच कसा चालतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिनचा पट्टा कॉम्प्रेसरची पुली सतत फिरवत असतो, एसी बंद असला तरी. पुलीच्या समोर एक लोखंडी प्लेट असते, ती कॉम्प्रेसरच्या शाफ्टला जोडलेली. दोन्हींच्या मध्ये कागदाच्या दोन-चार घड्यांएवढी फट. एसी लावला की पुलीमागच्या कॉइलमधून करंट जातो, चुंबक तयार होतं, प्लेट टक्कन ओढली जाऊन पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. या जातीच्या कॉम्प्रेसरला ती फट ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. प्रत्येक टक्कीला दोन्ही पृष्ठभाग नकळत झिजतात आणि फट वाढत जाते.

आणखी एक गोष्ट: चुंबकाला ताकद लागते ती प्लेट ओढताना. एकदा ती चिकटली की फट शून्य होते आणि ती धरून ठेवायला थोडा करंटही पुरतो. त्यामुळे फट वाढलेला क्लच चालू स्थितीत तासन्‌तास टिकतो, अमरावती रस्त्यावर टिकला तसा. सुटला की मात्र पुन्हा लागणं अवघड, आणि तेही गरम असताना.

पहिला निर्णय: गेज लावायचं नाही

एसीची गाडी आली की आधी दोन नळ्या जोडून दाब बघायचा, ही सगळीकडची सवय. इथे मुद्दाम तसं केलं नाही. सकाळी अकराला गाडी आली तेव्हा एसी उत्तम चालत होता. चालणाऱ्या एसीचे दाब बघून न चालणाऱ्या एसीबद्दल काय कळणार? उलट प्रत्येक वेळी नळ्या लावताना-काढताना थोडा गॅस जातो आणि मूळ स्थिती बदलते. आधी बिघाड समोर आणायचा, मग मोजायचं, असं ठरवलं.

काकांना हे पटायला वेळ लागला. गाडी दिवसभर ठेवायची आणि हात लावायचा नाही, याचे पैसे कसले, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तपासणीचा ठरावीक आकार आधीच सांगितला, म्हणून ते थांबले.

दुपारी तीनला गाडी वर्धा रोडवर चाळीस मिनिटं फिरवली, एसी पूर्ण लावून. सगळं ठीक. वर्कशॉपमध्ये आणून इंजिन बंद केलं, बोनेट न उघडता बारा मिनिटं उभी ठेवली. इंजिन चालू असताना पंखा आणि वाऱ्यामुळे बोनेटखालची उष्णता वाहून जाते. बंद केल्यावर ती तिथेच कोंडते, आणि कॉम्प्रेसर इंजिनला चिकटून असल्याने थांबल्यानंतर तो आणखी तापतो. तळेगावच्या चहाच्या वेळी नेमकं हेच घडत होतं.

बारा मिनिटांनी इंजिन सुरू केलं, एसी लावला. वारा जोरात, गरम. बिघाड हजर.

बिघाड समोर असताना केलेली मोजमापं

बोनेट उघडून बघितलं: पुली फिरतेय, प्लेट स्थिर. कंडेन्सरचा पंखा चालू. क्लचच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला, तो लागला. मीटरवर १३.५ व्होल्ट. म्हणजे स्विच, रिले, प्रेशर स्विच, इंजिनचा कॉम्प्युटर, सगळे आपापलं काम करून करंट शेवटपर्यंत पोचवत होते. गॅस फारच कमी असता तर लो-प्रेशर कटने हा करंट आलाच नसता. ‘गॅस संपला’ हे निदान इथे, पाच मिनिटांत, नळ्या न जोडता निकालात निघालं.

मग इंजिन बंद केलं. क्लचचं कनेक्टर सोडून कॉइलचा रेझिस्टन्स मोजला: ४.६ ओहम. कॉइल आतून तुटत असती तर मीटरने अखंड वायर दाखवलीच नसती. फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीचा करंट थेट कॉइलला दिला. प्लेट हलली नाही. आमच्या हाताखालच्या मुलाने हातमोजा घालून प्लेट बोटाने जरा आत दाबली. टक्क. चिकटली, आणि बोट काढल्यावरही चिकटून राहिली.

(चालू इंजिनवर काठीने प्लेट ढकलून बघणारे बरेच आहेत. पट्टा फिरत असताना हा खेळ करू नये. इंजिन बंद ठेवून थेट करंट दिला की तेच उत्तर मिळतं.)

तासाभराने सगळं निवल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली. प्लेट आपोआप ओढली गेली. कॉइल आता ३.५ ओहम. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो. बॅटरीच्या १२.४ व्होल्टला गार कॉइल साडेतीन अँपियर घेते आणि तापलेली जेमतेम २.७. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे ती साठ टक्क्यांच्याही खाली येते. फट नीट असती तर तेवढ्यावरही भागलं असतं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवून मोजलं, तर फट ०.९५ मिलिमीटरच्या आसपास.

ट्रकला ओलांडतानाचं कोडंही इथे सुटलं. लहान इंजिनच्या अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्युटर काही सेकंद कॉम्प्रेसर सोडतो, सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून. या गाडीतही ती सोय आहे. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही. पण सुटलेली प्लेट तापलेल्या क्लचने परत ओढलीच नाही.

आणि गॅस भरल्यावर दर वेळी एसी ‘बरा’ का व्हायचा? गॅरेजमध्ये गाडी अर्धा-पाऊण तास बोनेट उघडून उभी असायची. क्लच निवायचा. मग सुरू केली की थंड. श्रेय गॅसला.

दुसरा निर्णय: गॅसला हात लावायचा का

काकांचं म्हणणं सरळ होतं: दोष क्लचचा आहे ना, मग तेवढंच करा, गॅस तीनदा भरलाय, राहू द्या. फट कमी करायला गॅसची बाजू उघडावी लागत नाही, हेही खरं. काम तिथेच थांबवता आलं असतं.

पण आता, क्लच लागलेल्या स्थितीत, गेज लावून बघितलं. बाहेर ४३ अंश, इंजिन आयडलवर: लो साइड (गॅस कॉम्प्रेसरकडे परतणारी बाजू) ५५ पीएसआय, हाय साइड ३४०. दोन्ही जास्त. इतक्या उन्हात हाय साइड २५०-२८०पर्यंत समजून घेता येते, ३४० नाही. लो आणि हाय दोन्ही चढे असतील तर गॅस जास्त, किंवा आत हवा शिरलेली, किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये धूळ आणि कीटकांचा थर होता. तो पाण्याने आतून बाहेर धुतल्यावर हाय साइड ३१५वर आली. उरलेलं गॅसचं.

गाडी रात्रभर ठेवली. पहाटे, सगळं सारख्या तापमानाला आल्यावर, ३० अंशाला उभ्या गाडीचा दाब ११२ पीएसआय. शुद्ध आर-१३४एचा दाब ३० अंशाला ९८च्या जवळ असतो, मग आत दोनशे ग्रॅम असो की पाचशे. वरचा दाब हवेचा. मार्चमध्ये व्हॅक्यूम न करता भरलेल्या गॅसचा हा पुरावा.

उभ्या गाडीच्या दाबावरून गॅस ‘पुरेसा’ आहे असं सांगणारे मेकॅनिक अजून भेटतात. घरच्या सिलेंडरमध्ये गॅस अर्धा असो वा भरलेला, शेगडीची ज्योत सारखीच असते. किती उरला ते कळायला सिलेंडर उचलून बघावा लागतो. इथेही तसंच, वजन करावं लागतं.

काकांपुढे हिशेब असा मांडला. ३४०चा दाब म्हणजे कॉम्प्रेसर फिरवायला जास्त जोर, म्हणजे चिकटलेली प्लेट घसरण्याची शक्यता जास्त, घसरली की उष्णता, आणि झीज. फट वाढायला वयाबरोबर हा जादा गॅसही जबाबदार असू शकतो. फट दुरुस्त करून गॅस तसाच ठेवला तर तेच झिजवणारं ओझं पुन्हा त्याच क्लचवर. दोन हजारांच्या आसपास जादा खर्च होता. त्यांनी होकार दिला, पण काकूंकडे बघून.

तिसरा निर्णय: शिम, क्लच की कॉम्प्रेसर

नवा कॉम्प्रेसर १९,०००. रिबिल्ट ९,०००च्या आसपास, भंगार बाजारातला त्याहून कमी. हे तिन्ही आम्ही नाकारले, कारण कॉम्प्रेसर दाब नीट बांधत होता, आतून आवाज नव्हता आणि तेलात धातूचा चुरा नव्हता. चांगला कॉम्प्रेसर काढून अनोळखी गाडीतला बसवण्यात शहाणपण नाही. दुसऱ्याच्या गाडीतल्या कॉम्प्रेसरसोबत त्याचं तेल आणि त्याचा कचराही येतो.

उरले दोन पर्याय. प्लेट, पुली, बेअरिंग, कॉइल असा पूर्ण क्लच सेट, साडेपाच हजार. किंवा प्लेटमागची एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढून फट कमी करणं, ज्याला फक्त मजुरी लागते.

पुली हाताने फिरवल्यावर बेअरिंग किंचित खरखरत होतं. खेळ नव्हता, तेल गळत नव्हतं. मी क्लच सेट घालावा या मताचा होतो: २०२८पर्यंत गाडी ठेवायची, पुली एकदा उघडतोच आहोत. काकांनी शिम निवडली. महिन्यात गॅसवर पैसे गेलेच होते, आणि ‘अजून चालतंय’ ते बदलायला त्यांचा तत्त्वतःच विरोध. निर्णय त्यांचा होता आणि चुकीचाही म्हणता येत नाही. बिलावर तेवढं लिहून दिलं: पुली बेअरिंगला आवाज, लक्ष ठेवावे.

केलेलं काम

पुढचं उजवं चाक आणि आतला प्लास्टिकचा पडदा काढल्यावर क्लचपर्यंत हात पोचतो. मधला बोल्ट सोडून प्लेट काढली. पृष्ठभागावर निळसर डाग होते, म्हणजे प्लेट घसरून तापलेली होती. मागे दोन शिम मिळाल्या, एक ०.५ची, एक ०.३ची. ०.५ची काढली. फट ०.४५.

गॅस मशीनने ओढून घेतला. वजन ५४० ग्रॅम. बोनेटखालच्या स्टिकरवर ४०० लिहिलेलं. म्हणजे क्षमतेच्या सव्वापटीहून जास्त, आणि वर हवा. लहान गाड्यांच्या सिस्टिम इतक्या छोट्या असतात की शे-दीडशे ग्रॅम अंदाजाने टाकणं परवडत नाही.

नायट्रोजन १५० पीएसआयला भरून साबणाचं पाणी लावलं. लो साइडच्या तोंडातल्या पिनेवर बारीक बुडबुडे आले. वरची टोपीही हरवलेली. २०२३चा गॅस बहुधा इथूनच गेला. दोन्ही पिना आणि टोप्या नव्या टाकल्या. आत ओलसर हवा दोन महिने राहिली होती, आणि या सिस्टिममधलं पॅग तेल पाणी पटकन शोषून घेतं, म्हणून कंडेन्सरच्या कडेच्या नळीतली, ओलावा टिपणारी ड्रायरची पिशवीही बदलली.

मग पाऊण तास व्हॅक्यूम. समुद्रसपाटीला काटा २९.९ इंचांकडे जातो. नागपूर ३१० मीटरवर आहे, इथे तो साडेअठ्ठावीस-एकोणतीसला थांबतो आणि ते पूर्ण व्हॅक्यूमच असतं. नवखा मेकॅनिक इथे गळती शोधत बसतो. पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलला नाही, तेव्हा गॅससोबत अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) दिव्याखाली चमकून गळती दाखवणारी डाय थोडी सोडली आणि वजनकाट्यावर ४०० ग्रॅम मोजून भरला.

निकाल

दुपारी तीन, ४३ अंश, इंजिन १५०० आरपीएमला: लो ३९, हाय २६०. मधल्या झरोक्यात १२ अंश. मग पुन्हा तीच परीक्षा: चाळीस मिनिटं फिरवून बारा मिनिटं उभी, बोनेट बंद. सुरू केल्यावर टक्क, लगेच. परत एकदा, या वेळी वीस मिनिटं. टक्क.

बिल ४,३०० रुपये, ड्रायर आणि तपासणीसकट. आधीच्या तीन गॅसभरण्यांवर ४,६०० गेले होते.

२०२४चा उरलेला उन्हाळा आणि ऑक्टोबर हीट तक्रारीशिवाय गेली. अमरावतीच्या फेऱ्या झाल्या, चहाचे थांबेही. मार्च २०२५मध्ये काका आले ते एसी गार आहे पण पट्ट्याकडून घरघर येते म्हणून. पुलीचं बेअरिंग. ते बदलायला मजुरीसह दोन हजार. चाक, पडदा, प्लेट हे सगळं दुसऱ्यांदा उघडलं. फट मोजली, ०.५. म्हणजे नऊ-दहा महिन्यांत झीज नगण्य, दाब योग्य असल्याचा परिणाम.

वेगळं काय करता आलं असतं

क्लच सेट पहिल्यांदाच घातला असता तर एकूण थोडे जास्त पैसे गेले असते, आणि कॉइल, प्लेट, बेअरिंग सगळं नवं मिळालं असतं. आज एका जुन्या कॉइलवर २०२८ गाठायचं आहे. आकड्यांत दोन्ही पर्याय जवळजवळ सारखेच. फरक पडतो तो मालकाला दोनदा गाडी सोडायला जमतं का यावर. काकांना जमतं. रोज टॅक्सी चालवणाऱ्याला मी शिमचा पर्याय निवडू दिला नसता.

तक्रारीचं रूप बदललं तो मार्च २०२४ हा खरा वळणाचा क्षण. एप्रिल २०२३ची तक्रार ‘नेहमीच कमी गार’ अशी होती आणि मार्च २०२४ची ‘कधी गार, कधी अजिबात नाही’ अशी. गॅस हळूहळू कमी होतो आणि थंडावाही हळूहळू उतरतो. मध्येच जाऊन परत येणारा थंडावा बहुतेकदा विजेच्या बाजूकडे किंवा क्लचकडे बोट दाखवतो. काउंटरवर एवढा फरक विचारला असता तर सिस्टिम उघडायची वेळ आली नसती, हवा शिरली नसती आणि शिमच्या मजुरीत प्रकरण मिटलं असतं. पण काउंटरवर काकाच बोलत होते, आणि त्यांचं वाक्य तयार होतं: गॅस बघा जरा.

मालकाच्या बाजूने करण्याजोगी एक साधी गोष्ट होती: एसी गेला की गाडी बाजूला घेऊन, बोनेट उघडून, लांबूनच प्लेट फिरतेय का ते मोबाइलवर टिपायचं. दहा सेकंदांचा तो व्हिडिओ दुसऱ्या गॅरेजला पुरला असता. पावतीवर ग्रॅम लिहून मागणं ही दुसरी. स्टिकरवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा शेजारी ठेवले की भरणाऱ्यालाही काटा वापरावाच लागतो.

एक गोष्ट अजून उघडी आहे. मार्च २०२५मध्ये बेअरिंग बदलताना यूव्ही दिवा मारला, तेव्हा कॉम्प्रेसरच्या शाफ्टभोवती हिरवट कडं दिसलं, अगदी पुसट. शाफ्ट सील थोडं झिरपतंय. आज वजनात फरक पडावा इतकं नाही, आणि सीलसाठी कॉम्प्रेसर खाली उतरवावा लागेल. काकांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. दर होळीच्या आधी गॅस ओढून वजन करायचं आणि पन्नास ग्रॅमहून जास्त तूट आली तरच सीलचा विचार करायचा, असं ठरलंय.